वेग शून्य असताना त्वरण कुठून येतं? स्थानाच्या सूत्रातून नेमकं काय वाचायचं

प्रश्न अकरावीतल्या एका विद्यार्थिनीचा आहे. एक कण सरळ रेषेत फिरतोय आणि त्याचं स्थान क्ष = ट³ − ६ट² + ९ट असं दिलंय. क्ष मीटरमध्ये, ट सेकंदात. तिने एकदा डिफरन्शिएट करून (म्हणजे काळानुसार बदलाचा दर, डेरिव्हेटिव्ह, काढून) वेग काढला, दुसऱ्यांदा करून त्वरण काढलं, आणि दोन्ही सूत्रं पुस्तकाशी जुळली. पुढे मात्र घोळ झाला. १ सेकंदाला वेग शून्य येतो आणि त्वरण उणे ६. थांबलेल्या वस्तूला त्वरण कसं असेल? दीड सेकंदाला त्वरण उणे आहे, तरी पुस्तक म्हणतं कण जास्त जोरात धावायला लागलाय. ४ सेकंदांतलं अंतर तिने ४ मीटर लिहिलं, उत्तर १२ आहे. शिवाय तिचा जोडप्रश्न असा, की प्रोजेक्टसाठी चेंडू पडतानाचा व्हिडिओ मोबाइलवर काढून फ्रेममागून फ्रेम मोजली, तर वेगाचे आकडे बरे आले, पण त्वरणाचे कधी ४, कधी १५ असे वेडेवाकडे आले. तसं का?

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. तुला डेरिव्हेटिव्ह काढता येतंय. मी बरीच वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतोय, आणि या धड्यात डिफरन्शिएशनमुळे अडलेली मुलं कमी, उत्तर हातात आल्यावर त्याचं काय करायचं इथे अडलेली मुलं जास्त, असंच दिसतं. स्थान, वेग आणि त्वरण ही तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. कण कुठे आहे, कुठल्या दिशेने किती जोरात चाललाय, आणि ते चालणं कसं बदलतंय. एकाच क्षणी या तिघांपैकी एखादं शून्य असलं म्हणून उरलेल्या दोघांबद्दल काहीही ठरत नाही. तुझे पहिले दोन्ही गोंधळ इथूनच आलेत.

खाली जे सांगतोय ते मुख्यतः सरळ रेषेतल्या गतीबद्दल आहे. समतलात किंवा वर्तुळात फिरणाऱ्या वस्तूला थोडं वेगळं लागतं, त्यावर शेवटी दोन परिच्छेद लिहितो. पेपर कुठला यावरही थोडं अवलंबून आहे. बोर्डाच्या पेपरात पायऱ्यांना गुण असतात, सीईटीला आणि जेईईला पर्यायांत नेमक्या तुझ्या चुकांचीच उत्तरं मांडून ठेवलेली असतात. तिथे ४ मीटर हा पर्याय हमखास दिसेल.

वेग म्हणजे अंतर भागिले वेळ, हे सातवी-आठवीपासून डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की अकरावीतही हात आपोआप भागाकाराकडे जातो. तुझ्याच गणितात ४ सेकंदाला स्थान ४ मीटर आहे. चाराला चाराने भागलं की १ मीटर प्रति सेकंद. हा आकडा चुकीचा नाही, पण तो पहिल्या ४ सेकंदांचा सरासरी वेग आहे. ४ सेकंद झाले त्या क्षणी स्पीडोमीटरचा काटा नेमका काय दाखवत होता, हे त्यातून कळत नाही.

ते कळायला ४ सेकंदांच्या अगदी लगतचा काळ घ्यावा लागतो. ४.१ सेकंदाला स्थान किती? सूत्रात घालून बघ, ४.९६१ मीटर. म्हणजे ०.१ सेकंदात कण ०.९६१ मीटर सरकला, वेग ९.६१. आता मध्यंतर आणखी लहान कर. ४.०१ सेकंदाला स्थान ४.०९०६०१, वेग ९.०६०१. ४.००१ घेतलंस तर ९.००६ च्या आसपास. आकडे ९ कडे सरकतायत, आणि डेरिव्हेटिव्हच्या सूत्रात ४ घातल्यावर नेमके ९ च येतात. डेरिव्हेटिव्ह म्हणजे हेच सरकणं कुठे जाऊन टेकतं ते एका झटक्यात सांगणारी युक्ती. माझं मत असं, की सूत्र पाठ करण्याआधी हे कॅल्क्युलेटरवर एकदा तरी स्वतः करावं. बोर्डाच्या अकरावीच्या फिजिक्समध्ये कॅल्क्युलसची तोंडओळख दुसऱ्याच धड्यात होते आणि गणिताच्या तासाला तो विषय बराच नंतर येतो, त्यामुळे मधले काही महिने मुलं नुसती 'घात खाली आणा, घातातून एक वजा करा' एवढ्यावर काढतात. त्याने उत्तर येतं, पण ९ म्हणजे काय हे समजत नाही.

'त्या क्षणीचा वेग' ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे, हे जाता जाता सांगतो. भास्कराचार्यांनी ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त ग्रहांच्या तात्कालिक गतीचा विचार केलाय. चंद्राची गती दिवसभरात बदलते. तिथी संपण्याची वेळ जवळ आलेली असताना ती नेमकी काढायची असेल, तर दिवसाची सरासरी गती धरून चालत नाही, त्या वेळची गती घ्यावी लागते, असं ते सांगतात. पंचांग बरोबर यायला हवं, एवढी व्यवहारी गरज त्यामागे होती. याच भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढल्याची नोंद चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात आहे. त्या बाजूला गेलीस तर जरूर बघून ये.

आता तुझं गणित. एकदा डिफरन्शिएट केल्यावर:

वेग = ३ट² − १२ट + ९

पुन्हा केल्यावर:

त्वरण = ६ट − १२

इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी डेरिव्हेटिव्ह, मग काळाची किंमत. दर वर्षी कुणीतरी आधी ट = २ घालतं, क्ष = २ मिळवतं, आणि मग '२ चं डेरिव्हेटिव्ह शून्य, म्हणून वेग शून्य' असं लिहितं. किंमत घातल्याबरोबर फंक्शन मरतं, उरतो एक आकडा, आणि आकडा बदलत नसल्यामुळे त्याचं डेरिव्हेटिव्ह शून्यच येणार. फंक्शन जिवंत असेपर्यंतच त्याला डिफरन्शिएट कर.

मग मी वर्गात एक छोटा तक्ता करायला लावतो. प्रश्नात नसला तरी करायचा, दोन मिनिटांचं काम आहे.

काळ: ०, १, २, ३, ४ सेकंद
स्थान: ०, ४, २, ०, ४ मीटर
वेग: ९, ०, −३, ०, ९ मीटर प्रति सेकंद
त्वरण: −१२, −६, ०, ६, १२ मीटर प्रति सेकंद वर्ग

आता हा तक्ता गोष्टीसारखा वाच. कण शून्यापासून उजवीकडे ९ च्या वेगाने सुटला. मंदावत मंदावत १ सेकंदाला ४ मीटरवर पोचला, तिथे वळला. डावीकडे निघाला, २ सेकंदाला डावीकडचा त्याचा वेग सगळ्यात जास्त म्हणजे ३ झाला, मग पुन्हा मंदावला आणि ३ सेकंदाला बरोबर सुरुवातीच्या जागी येऊन थबकला. तिथून परत उजवीकडे, आणि ४ सेकंदाला पुन्हा ४ मीटरवर. या वेळी वेग ९.

तुझा अंतराचा प्रश्न इथेच सुटला. उजवीकडे ४, परत ४, पुन्हा ४, मिळून १२ मीटर. विस्थापन मात्र शेवटचं स्थान वजा पहिलं, म्हणजे ४ मीटर. तू विस्थापन काढलंस आणि त्याला अंतर म्हटलंस. त्यामुळे सरासरी वेग १ आणि सरासरी चाल (दिशा न बघता, नुसतं अंतर भागिले वेळ) ३ मीटर प्रति सेकंद, असे दोन वेगळे आकडे येतात. अंतर विचारलं की आधी वेग शून्य कुठे होतो ते शोधायचं, तिथे तिथे प्रवासाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याची लांबी धन घेऊन बेरीज करायची. दुसरा रस्ता नाही.

फक्त एक सावधगिरी. वेग शून्य झाला म्हणजे कण वळलाच, असं धरू नकोस. स्थान क्ष = (ट − २)³ असं असेल तर वेग ३(ट − २)² येतो. २ सेकंदाला तो शून्य आहे, पण त्याच्या आधीही धन आणि नंतरही धन. कण क्षणभर थबकला आणि त्याच दिशेने पुढे गेला. वळायला वेगाचं चिन्ह बदलावं लागतं.

आता मुख्य प्रश्न, थांबलेल्या वस्तूचं त्वरण. 'थांबलेली' या शब्दात आपण नकळत 'थांबून राहिलेली' असं गृहीत धरतो. तुझा कण १ सेकंदाला थांबून राहिलेला नाही. ०.९ सेकंदाला त्याचा वेग अधिक ०.६३ होता आणि १.१ सेकंदाला उणे ०.५७ आहे, सूत्रात घालून खात्री कर. या ०.२ सेकंदांत वेग १.२० ने घटला. १.२० भागिले ०.२ म्हणजे ६, आणि घट आहे म्हणून उणे ६. वेग शून्यातून जाताना त्याचं बदलणं थांबलेलं नाही, आणि त्वरण मोजतं ते हे बदलणंच.

सरळ वर फेकलेला चेंडू घे. सगळ्यात वरच्या बिंदूला वेग शून्य, तरी त्वरण खालच्या दिशेने ९.८ च. ते तिथे शून्य असतं, तर वेग शून्यावरून हललाच नसता आणि चेंडू वरच लटकून राहिला असता. तोंडी परीक्षेत हा प्रश्न विचारला की निम्मी मुलं 'वर पोचल्यावर त्वरण शून्य' म्हणतात. तीच मुलं लेखी परीक्षेत सूत्रात ९.८ घालून उत्तर बरोबर काढतात.

२ सेकंदाची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. तिथे त्वरण शून्य, वेग उणे ३. वेग घटत घटत आला आणि तिथून वाढायला लागणार, म्हणजे त्या क्षणी तो बदलत नाहीये. पण तो आहेच.

चिन्हांचा घोळ मात्र आपणच शिकवताना घालून ठेवलाय, असं माझं स्पष्ट मत आहे. 'ऋण त्वरण म्हणजे मंदन' हे वाक्य नववीत सोयीचं असतं, कारण तिथल्या गणितांत गाडी कायम पुढेच जाते. अकरावीत गाडी मागे जायला लागते आणि ते वाक्य खोटं पडतं. डेपोत रिव्हर्स घेणारी एसटी डोळ्यांपुढे आण. पुढची दिशा धन धरली, तर बसचा वेग ऋण आहे. ड्रायव्हरने रिव्हर्समध्येच अॅक्सिलरेटर दाबला तर वेग उणे १ चा उणे २ होतो. त्वरण ऋण, आणि बस जास्त जोरात मागे जातेय. कंडक्टरने शिट्टी वाजवली, ड्रायव्हरने ब्रेक दाबला, वेग उणे २ वरून शून्याकडे आला. त्वरण धन, आणि बस मंदावतेय. चिन्ह फक्त दिशा सांगतं.

म्हणून नियम असा: वेग आणि त्वरण यांची चिन्हं सारखी असली तर चाल वाढते, वेगळी असली तर घटते. हा पाठ करण्यापेक्षा कुठून येतो ते बघ. चाल वाढतेय का हे विचारणं म्हणजे वेगाचा वर्ग वाढतोय का हे विचारणं, कारण वर्गात चिन्हाचा प्रश्न उरत नाही. वेगाच्या वर्गाचं डेरिव्हेटिव्ह २ × वेग × त्वरण. हा गुणाकार धन असेल तर चाल वाढतेय. संपलं.

तुझ्या गणितात ० ते १ सेकंद वेग धन, त्वरण ऋण, कण मंदावतोय. १ ते २ दोन्ही ऋण, कण वेग पकडतोय. दीड सेकंदाला वेग उणे २.२५, त्वरण उणे ३, पुस्तकाचं म्हणणं बरोबर. २ ते ३ पुन्हा मंदावतोय, ३ नंतर दोन्ही धन, आता तो सुटलाच.

इथे आणखी एक सापळा आहे, तू त्यात पडली नाहीस म्हणून थोडक्यात सांगतो. सुरुवातीचा वेग ९, सुरुवातीचं त्वरण उणे १२, म्हणून ४ सेकंदाला वेग = ९ − १२ × ४ = उणे ३९, असं लिहिणारे बरेच असतात. खरा वेग अधिक ९ आहे. 'वेग = सुरुवातीचा वेग + त्वरण × काळ' आणि त्याच्या जोडीची, अशी गतीची तीन समीकरणं त्वरण एकसारखं असतानाच चालतात. स्थानाच्या सूत्रात ट चा सगळ्यात मोठा घात २ असेल तर ती बिनधास्त वापर. ट³, साईन, कोसाईन, घातांकी फंक्शन असं काही दिसलं की त्यांना हात लावायचा नाही.

सूत्रातल्या आकड्यांना एककं असतात, हेही लक्षात ठेव. ९ट चं उत्तर मीटरमध्ये यायचं तर ९ हे मीटर प्रति सेकंद आहेत, ६ट² मधले ६ मीटर प्रति सेकंद वर्ग, आणि ट³ च्या मागे न दिसणारा १ हा मीटर प्रति सेकंद घन. एकदा डिफरन्शिएट केलं की प्रत्येक पदात एक सेकंद भागाकारात जातो. उत्तर तपासायची ही सगळ्यात स्वस्त पद्धत आहे. आणि साईन-कोसाईन आलं तर कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेव. साईनचं डेरिव्हेटिव्ह नुसतं कोसाईन येतं ते कोन रेडियनमध्ये असतानाच.

आता तुझा व्हिडिओ. मला तुझ्या प्रश्नातला हा भाग जास्त आवडला, कारण पुस्तकाबाहेर कुणीच सूत्र हातात देत नाही. हातात असतात ती मोजमापं.

सगळं आदर्श असतं तर काय दिसलं असतं ते आधी बघू. चेंडू सोडल्यापासून दर ०.१ सेकंदाला तो ४.९, १९.६, ४४.१, ७८.४, १२२.५ सेंटिमीटर खाली असतो. लागोपाठच्या टप्प्यांतलं अंतर काढ: ४.९, १४.७, २४.५, ३४.३, ४४.१. हे टप्पे १, ३, ५, ७, ९ या प्रमाणात आहेत. गॅलिलिओने उतरणीवरून गोळे सोडून हेच विषम संख्यांचं प्रमाण शोधलं आणि १६३८ साली छापलं. त्याच्याकडे सेकंदकाटा नव्हता, डिफरन्शिएशन नव्हतं, वजाबाकी होती. आता टप्प्यांचीही वजाबाकी कर: ९.८, ९.८, ९.८, ९.८. पहिली वजाबाकी वेगाच्या जागी, दुसरी त्वरणाच्या जागी. ०.१ सेकंदाच्या वर्गाने, म्हणजे ०.०१ ने भागलं की ९८० सेंटिमीटर प्रति सेकंद वर्ग.

मग तुझे आकडे का उधळले? साधा हिशेब करून बघ. मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम घेतो असं धरू. पडद्यावर चेंडूची जागा टिपताना २ मिलिमीटरची चूक सहज होते. चेंडू जोरात असला की तो लांबट, पुसट दिसतो, त्यामुळे चूक त्याहून जास्तच, पण २ धरू. वेगासाठी दोन जागांची वजाबाकी करायची, म्हणजे वाईटात वाईट ४ मिलिमीटरची चूक, भागिले १/३० सेकंद. झाले १२ सेंटिमीटर प्रति सेकंद. चेंडूचा वेग २-३ मीटर प्रति सेकंद असताना एवढं चालून जातं, म्हणून तुझे वेग बरे आले. त्वरणाला तीन जागा लागतात: पहिली, वजा मधलीची दुप्पट, अधिक तिसरी. चूक २ + ४ + २ = ८ मिलिमीटर, आणि ती ९०० ने गुणली जाते. ७.२ मीटर प्रति सेकंद वर्ग! खरं उत्तर ९.८, त्यात ७.२ ची चूक शक्य. तुझे ४ आणि १५ दोन्ही त्या पट्ट्यात बसतात. तुझा हात वाईट नाही, पद्धतच चूक फुगवणारी आहे.

उपाय दोन. पहिला, लगतच्या फ्रेम घेऊ नकोस, ५-५ फ्रेमच्या अंतराने तीन जागा घे. मध्यंतर १/६ सेकंद झालं, गुणक ९०० वरून ३६ वर आला, चूक ०.२९ वर. त्वरण एकसारखं असल्यामुळे इथे मध्यंतर मोठं घेऊन काही बिघडत नाही. त्वरण बदलत असेल तर मात्र मध्यंतर वाढवलं की तो बदलच पुसला जातो, म्हणून किती वाढवायचं हे प्रयोगावर ठरतं. दुसरा उपाय जास्त चांगला: सगळ्या बिंदूंतून एक वर्गसमीकरणाची वक्ररेषा बसव, कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये ट्रेंडलाइनची सोय असते. ट² चा जो सहगुणक येईल त्याची दुप्पट म्हणजे त्वरण. एकेका फ्रेमच्या चुका त्यात आपसांत बऱ्याच मिटतात. फक्त मोजपट्टी चेंडू पडतो त्याच प्रतलात उभी कर. ती मागे भिंतीला टेकवलेली असेल तर कॅमेऱ्याला चेंडूचा प्रवास मोठा भासतो आणि सगळे आकडे एकाच बाजूला झुकतात. ती चूक कुठल्याही ट्रेंडलाइनने जात नाही.

हे फक्त मोबाइलचं दुखणं नाही. २००९ मध्ये बर्लिनला उसेन बोल्टने १०० मीटर ९.५८ सेकंदांत मारले. सरासरी वेग १०.४४ मीटर प्रति सेकंद. दर १० मीटरचे वेळ नोंदलेले आहेत: ६० मीटरला ६.२९, ७० मीटरला ७.१०. म्हणजे तो टप्पा ०.८१ सेकंदाचा, वेग १२.३५. सरासरीपेक्षा किती वेगळा, बघ. पुढचा टप्पा ०.८२, वेग १२.२०. आता कुणी म्हणेल, बोल्ट इथे मंदावायला लागला, त्वरण उणे ०.१८. पण वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंतच दिलाय आणि सगळा फरक एका शंभरांशाचाच आहे. या आकड्यांवरून वेग ठामपणे सांगता येतो, या टप्प्यातलं त्वरण सांगता येत नाही.

कबूल केलेले दोन परिच्छेद. समतलात गती असेल तर क्ष आणि य दिशांचं स्थान वेगवेगळं दिलेलं असतं, उदाहरणार्थ क्ष = ६ट आणि य = ८ट − ५ट². दोघांना वेगळं डिफरन्शिएट कर: ६ आणि ८ − १०ट. सुरुवातीला चाल म्हणजे ६ आणि ८ च्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ, १०. ०.८ सेकंदाला उभा वेग शून्य होतो, पण चाल ६ उरतेच. वर फेकलेल्या प्रत्येक वस्तूचा वेग माथ्यावर शून्य होतो हा समज इथे मोडतो. त्वरण मात्र सगळा वेळ उभ्या दिशेने उणे १०.

यात सगळ्यात जास्त गुण जातात ते घाई केल्याने. आधी क्ष आणि य वरून मूळबिंदूपासूनचं अंतर काढायचं आणि मग त्याला डिफरन्शिएट करून 'वेग' म्हणायचं. वर्तुळात फिरणारी वस्तू घे. केंद्रापासूनचं तिचं अंतर कधीच बदलत नाही, त्याचं डेरिव्हेटिव्ह शून्य. पण वस्तू तर फिरतेय! आधी घटक डिफरन्शिएट करायचे, परिमाण शेवटी. आणि तिथे चाल एकसारखी असली तरी त्वरण असतंच, केंद्राकडे, कारण दिशा बदलत राहते.

प्रवेश परीक्षेवाले कधी कधी उलटं देतात, काळच स्थानाच्या रूपात: ट = क्ष² + क्ष. क्ष सोडवत बसू नकोस. दोन्ही बाजू काळाच्या संदर्भात डिफरन्शिएट कर: १ = (२क्ष + १) × वेग. म्हणून वेग = १ ÷ (२क्ष + १). पुन्हा केलंस की त्वरण = −२ × वेगाचा घन. क्ष = १ ला वेग १/३ आणि त्वरण उणे २/२७. इथे वेग कायम धन आणि त्वरण कायम ऋण, म्हणजे ही वस्तू सतत मंदावते पण कधीच थांबत नाही, हे तुला आता चिन्हांवरूनच सांगता येईल.

सरावाला एक घे: क्ष = २ट³ − १५ट² + २४ट, पहिले ५ सेकंद. कण १ आणि ४ सेकंदाला वळतो, त्वरण २.५ सेकंदाला शून्य होतं, विस्थापन उणे ५ मीटर आणि अंतर ४९ मीटर. चाल कुठल्या कुठल्या काळात वाढते ते तू काढ. उत्तरात दोन तुकडे यायला हवेत. एकच आला तर १ ते २.५ च्या मधली चिन्हं पुन्हा तपास.